घर सोडण्याआधीची तयारी आणि नंतरची कामं: मार सोसणाऱ्या बाईसाठी, आणि तिच्या सोबत जाणाऱ्यांसाठी

मी घर सोडलं तेव्हा माझ्या हातात भाजीची पिशवी होती. वर मेथीच्या दोन जुड्या, खाली मुलीची चित्रकलेची फाइल. फाइलमध्ये चित्रं पाच, बाकी सगळे कागद: आधार, पासबुक, लग्नाची पत्रिका, मुलीचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर. कपाट, पर्स, गादीखालची जागा, अगदी डाळीचे डबेसुद्धा नवरा तपासायचा. पोरीची चित्रं मात्र त्याने कधी उघडून पाहिली नव्हती. ती फाइल भरायला मला चार महिने लागले.

बाई एका रात्री पेटून उठते आणि तडक निघते, असं लोकांना वाटतं. काही जणी तशा निघतातही. पण त्यांतल्या बऱ्याच जणींना पंधरवड्यात परत जाताना मी पाहिलंय, कारण कागद तिकडे, मुलांची शाळा तिकडे आणि अंगावर नेसत्या साडीशिवाय काही नाही. गेली अकरा वर्षं मी बायकांबरोबर पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, तालुक्याच्या कोर्टात जाते. मी वकील नाही. सोबत बसते, कागद लावून देते, तारखेची आठवण करते. धाडस कमी पडलं म्हणून अडकलेली बाई मला क्वचित भेटली. तयारी कमी पडलेल्या ढिगाने भेटल्या. म्हणून इथे तयारीबद्दलच लिहितेय.

आधी हे ओळखा

"तसा स्वभावाने चांगला आहे, फक्त डोक्यात राग जातो." हे वाक्य मी स्वतः सहा वर्षं म्हटलंय. राग डोक्यात जाणारा माणूस साहेबावर हात उचलत नाही, पोलिसावर उचलत नाही, घरी आल्यावरच उचलतो, हे लक्षात यायला मला वेळ लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित बायकांपैकी साधारण एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं होतं. तुमच्या बचत गटात वीस जणी असतील तर हिशेब तुम्हीच करा.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात हिंसा म्हणजे फक्त मार नाही. लैंगिक जबरदस्ती, शिव्या, "मूल होत नाही" म्हणून हिणवणं, खर्चाला पैसे न देणं, पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, दागिने परस्पर गहाण टाकणं, हे सगळं त्यात बसतं. कायदा फक्त बायकोसाठीही नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी बाई, कुणीही अर्ज करू शकते. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो. अर्ज फक्त 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच, ही अट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली.

काही खुणांना मात्र लगेच घाबरा. त्याने कधी गळा दाबला असेल, एकदाच आणि 'सोडून दिला' असेल, तरी. बाहेरून वळ दिसत नाही, आवाज दोन दिवस बसतो, गिळताना दुखतं, आणि बाई म्हणते काही झालं नाही. ज्या घरात गळ्याला हात लागतो त्या घरात पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. तसंच गरोदरपणात मारहाण, "तुला मारून मी पण मरेन" अशी धमकी, कामाच्या जागी पाळत, रॉकेल-पेट्रोलची भाषा. यातलं काही असेल तर चार महिन्यांची तयारी विसरा. पोलिसांचा ११२ लावा, कुणाकडे तरी जा, कागद मागाहून आणता येतात. गळा दाबला असेल तर दवाखान्यातही जा, सूज नंतरही वाढू शकते.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: सर्वांत धोक्याचा काळ असतो निघतानाचा आणि निघाल्यानंतरचे पहिले काही आठवडे. म्हणून भांडणाच्या भरात "उद्याच जाते बघ" असं कधीही म्हणू नका. जायचं असेल तर त्याला सांगून जायचं नाही.

फाइल, पैसा, फोन

मूळ कागद हाती लागत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसा. तुमचं आणि मुलांचं आधार, जन्मदाखले, शाळेची प्रगतिपुस्तकं, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा (नोंदणी नसेल तर पत्रिका आणि फोटो), गॅस किंवा विजेचं बिल, स्त्रीधनाच्या पावत्या. पावत्या नसतील तर दागिने अंगावर असलेले लग्नातले फोटो. माहेरहून आलेली भांडी, फ्रिज, कपाट, याचीही यादी करा. स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय.

आता बायका बहुधा विसरतात तो कागद: त्याच्या उत्पन्नाचा. पुढे पोटगीच्या वेळी तो कोर्टात हमखास म्हणणार, "साहेब, मला काम नाही." पगाराची चिठ्ठी, दूध डेअरीचं बिल, कारखान्याचं ऊसबिल, दुकानाचा परवाना, गाडीचं आरसी बुक, जे दिसेल त्याचा फोटो. जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ महाभूलेखच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, त्यासाठी त्याच्या कपाटाची किल्ली लागत नाही. गट नंबर तेवढा लिहून ठेवा.

पैसा मी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवायचे. जगातली सुरक्षित तिजोरी! किराणातून वीस, भाजीतून दहा. रक्कम हास्यास्पद होती, पण निघाले त्या दिवशी दोन महिन्यांचं खोलीभाडं निघेल इतकी झाली होती. खातं उघडायचं तर त्याचं खातं ज्या बँकेत आहे तिथे नको. गावातल्या शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे ओळखीचे असतात. पोस्टातलं खातं चालतं. खात्याला आणि आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते तपासा. त्याचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्या खिशात वाजणार. लाडकी बहीणचे पैसे खात्यात येतात पण कार्ड नवऱ्याकडे, अशा बायका मला दर महिन्याला भेटतात. आपल्या नावाचं सिम, त्यावर आधार, त्यावर खातं, हा क्रम.

फोनबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हल्ली इथेच घात होतो. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, तुमचे मेसेज दुसऱ्या कुठल्या फोनवर किंवा संगणकावर उघडत नाहीत ना. गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग चालू आहे का पाहा. जीमेलचा पासवर्ड त्याने घालून दिलेला असेल तर फोन तुमचा असला तरी हिशेब त्याच्याकडे. पण सापडल्याबरोबर सगळं बंद करू नका, त्याला लगेच कळतं. महत्त्वाचे फोन दुसऱ्याच्या फोनवरून करा आणि निघाल्यावर सगळं एकदम बदला. हा लेखही वाचून झाला की हिस्टरीतून काढून टाका.

शेवटचं, एक माणूस. पाच नकोत, एक. माझ्यासाठी ती वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी काकू होती. आमचं ठरलं होतं: "काकू, ब्लाउजची बाही उसवली" असा फोन आला की तिने दार वाजवायचं, आणि "बाही दोन्हीकडे उसवली" म्हटलं की पोलिसांना फोन करायचा. मुलीलाही शिकवलं होतं की आवाज चढले की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, थेट वर काकूकडे. स्वयंपाकघरात सुरी असते, गॅस असतो. भांडण तिकडे सरकू लागलं तर तुम्हीही दाराकडे सरका.

लिहून ठेवायचं कसं

पुरावा म्हटलं की बायका ध्वनिमुद्रणाच्या मागे लागतात. ते जमलं तर उत्तमच. ज्या फोनवर मुद्रण किंवा मेसेज आहेत तो फोन विकू नका, बदलू नका, कारण कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पण मला विचाराल तर साधी वही जास्त कामाला येते. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती:

"मंगळवार. रात्री साडेनऊ. भाजीत मीठ जास्त. मिक्सरचं भांडं फेकलं, उजव्या मनगटाला लागलं. मुलगी जागी होती. शेजारच्या वहिनींनी आवाज ऐकला, सकाळी विचारलं."

बस. "मला खूप वाईट वाटलं, माझं आयुष्य बरबाद झालं" हे त्यात नव्हतं. वार, वेळ, काय झालं, कुठे लागलं, कुणी पाहिलं. दोन वर्षांनी उलटतपासणीत वकिलाने "नेमकं कधी?" असं खेकसून विचारलं तेव्हा त्या पाच ओळींनी मला उभं ठेवलं.

मार लागला असेल तर शक्यतो सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरं सांगा. "जिन्यावरून पडले" असं एकदा केसपेपरवर आलं की पुढे तेच तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. 'एमएलसी करा', म्हणजे मारहाणीची केस म्हणून कायदेशीर नोंद करा, असं स्पष्ट म्हणा. उपचारासाठी आधी पोलिसांची चिठ्ठी आणा असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली वैद्यकीय मदत नाकारता येत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र याच विचारातून आलं: बाई पोलीस ठाण्यात जाईल न जाईल, पण दवाखान्यात तर येतेच.

निघायचा दिवस

दिवसा निघा, तो कामावर असताना. मुलांना सोबत न्या. "नंतर घेऊन जाईन" म्हणून मागे ठेवलेली मुलं मिळवायला पुढे कोर्टाच्या किती खेपा होतात, ते मी पाहिलंय. शाळेतून परस्पर नेणं सोपं पडतं. महाराष्ट्रात एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच पैसा वाचतो.

माहेर हे पहिलं ठिकाण, पण तो पहिलं तिथेच येणार. माहेरी जायचं असेल तर दार कुणी उघडायचं, फोन कुणी उचलायचा हे ठरवून घ्या. माहेर नसेल, किंवा "लेकीची जागा सासरी" म्हणणारं असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून जवळचं सखी वन स्टॉप सेंटर विचारा. तिथे निवारा थोड्या दिवसांचा असतो. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक यांच्याशी गाठ तिथूनच घालून देतात. जास्त मुक्कामासाठी शक्ती सदन. मोठा मुलगा सोबत ठेवता येईल का, हे आधी फोनवरच विचारा, दारात जाऊन हिरमोड नको.

पोलीस ठाणं: काय मागायचं

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तास बाकावर बसले आणि एक एनसी हातात घेऊन परतले. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तपास होत नाही, नवऱ्याला फोन करून "बायकोला नीट वागव" एवढं सांगतात, आणि त्या रात्री घरी काय होतं ते सांगायला नको. तरीही ती चिठ्ठी फाडू नका. तीन एनसींची माळ कोर्टात बरंच बोलते.

नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून क्रूर वागणूक हा मात्र दखलपात्र गुन्हा आहे. ज्याला सगळे अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव' म्हणतात ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार माहेरच्या गावीही देता येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून उठू नका, 'झिरो एफआयआर' शब्द वापरा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यायचा गुन्हा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

नवरा-बायकोच्या प्रकरणात पोलीस बहुधा आधी समुपदेशनाला पाठवतात, भरोसा सेलकडे किंवा महिला व मुलांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षाकडे. हा कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला आणि पुढे राज्यभर पसरला. तिथली समाजकार्य शिकलेली माणसं तुमचं ऐकून घेतात. पण समुपदेशन आणि समेट यांत गल्लत होऊ देऊ नका. गावच्या बैठकीत, तंटामुक्ती समितीत किंवा कुणाच्या केबिनमध्ये चार माणसं बसवून "सही कर आणि नांदायला जा" असं चाललं असेल तर "घरी वाचून मग सांगते" एवढंच म्हणा आणि उठा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठीही तशीच. नोटरीचा शिक्का बसला म्हणून घटस्फोट झाला असं नसतं. हिंदू लग्नात, काही जातींत चालत आलेली फारकतीची रूढी सोडली तर, तो कोर्टातूनच होतो. अशा कागदांत "पोटगी व स्त्रीधनावर हक्क राहणार नाही" ही ओळ कुठेतरी मधे दडवलेली असते. मी आत्तापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक कागदात होती.

कोर्टातला अर्ज

घटस्फोट हवा की नको, हे ठरलेलं नसलं तरी डीव्हीचा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा, अर्ज करता येतो. एफआयआर नसला तरी येतो. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आणि तुम्ही तात्पुरत्या जिथे राहताय त्या गावीही चालतो. मदतीला संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात विचारा. ते घटनेचा अहवाल भरून देतात, त्यालाच सगळे डीआयआर म्हणतात. त्याची प्रत घ्यायची विसरू नका. वकिलासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा, फोन १५१००. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका "आम्हाला नाही मिळणार" म्हणून जातच नाहीत. जा.

अर्जात काय मागता येतं? त्याने जवळ येऊ नये, फोन करू नये, कामावर येऊ नये असा संरक्षण आदेश. घरात राहण्याचा हक्क, किंवा पर्यायी घराचं भाडं. दरमहा खर्च. मुलांचा तात्पुरता ताबा. नुकसानभरपाई. स्त्रीधन परत, आणि लॉकर परस्पर उघडायला मनाई. घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, असं आता सहज म्हणता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामायिक घराचा अर्थ मोठा केला आणि सासरच्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं असं ठरवलं.

कायद्यात लिहिलंय: पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल शक्यतो साठ दिवसांत. प्रत्यक्षात मी साठ दिवसांत निकाल पाहिलेला नाही. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा, कलम २३ खालचा अंतरिम अर्ज सोबत जोडा. खटला चालत राहतो, पण खर्चाचा आणि संरक्षणाचा हंगामी आदेश लवकर मिळू शकतो. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधल्याच दुसऱ्या एका निकालाने पक्कं केलंय. सातबाऱ्याचे आणि ऊसबिलाचे ते फोटो इथे कामी येतात. आदेश होऊनही पैसे येत नसतील तर वसुलीचा अर्ज. नोकरदार असेल तर कोर्ट मालकालाच पगारातून पैसे द्यायला सांगू शकतं. संरक्षण आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत पर्समध्ये ठेवा, जवळच्या ठाण्यातही द्या.

तारखेच्या दिवशी एकटीने जाऊ नका. तो, त्याचा भाऊ, त्याचा मित्र, सगळे त्याच व्हरांड्यात असतात. रडकुंडीला आणण्याचा खरा खेळ आत नाही, त्या व्हरांड्यात चालतो.

मग रिकामे दिवस येतात

याची कुणी कल्पना देत नाही. धावपळ संपते, खोली मिळते, आणि संध्याकाळी सातला बाहेर मोटारसायकलचा आवाज आला की हातातलं लाटणं थांबतं. मला हे दीड वर्ष होत होतं. मार संपल्यावर त्याची आठवणही येते, चांगल्या दिवसांची. त्याची लाज वाटून घेऊ नका आणि त्या आठवणीपायी फोनही लावू नका. झोप उडाली, जीव नकोसा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मुलांच्या शाळेचं पहिल्या आठवड्यात उरका. जुनी शाळा दाखला अडवत असेल तरी आठवीपर्यंत नव्या शाळेला त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तशी तरतूद आहे. मुलांना कुणी नेऊ शकतं याची यादी शाळेला लेखी द्या. बालसंगोपन योजनेत एका पालकाच्या मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. अगदी हलाखी असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, त्यात परित्यक्ताही बसतात. 'परित्यक्ता' शब्द मला आवडत नाही. टाकलेली नसते हो, निघालेली असते. पण फॉर्मवर तोच असतो, लिहा आणि पुढे जा.

काम मिळेल ते धरा, मात्र पहिल्याच महिन्यात शिलाई मशीनवर कर्ज काढू नका. शिलाई, पापड, ब्यूटी पार्लर, बाई अडचणीत दिसली की लोक हे तिन्ही सुचवतात. मी म्हणते आधी महिन्याला ठरलेला पगार: शाळेतलं मदतनिसाचं काम, दुकान, कारखाना, दवाखान्यात आया. हातात नियमित पैसा आला की मग बचत गट, मग धंदा.

आता तुम्ही, जे मदत करू पाहता

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला मी जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. अर्ज मी लिहिला, वकील मी ठरवला, खोली मी बघितली. सतरा दिवसांनी ती परत गेली. त्याचं मला एवढं वाईट वाटलं की मी तिला म्हणाले, "मग माझा वेळ कशाला घालवलास?" त्यानंतर तिने मला कधी फोन केला नाही. पुढच्या वेळी तिचा हात मोडला ते मला दुसरीकडून कळलं. माझ्याकडे यायची तिला लाज वाटली होती, आणि ती लाज मी दिलेली होती.

बायका परत जातात. एकदा, दोनदा, पाचदा. घरचा माणूस तिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय घेत आलेला असतो. आपणही तेच केलं तर तिच्या दृष्टीने फक्त धनी बदलला. म्हणून आता मी विचारते, "आज काय करूया?" ती म्हणाली नुसता चहा पिऊया, तर चहा. परत जायचं म्हणाली तर म्हणते, "जा. फाइल माझ्याकडे राहू दे. बाही उसवली की फोन कर."

"तू काय केलंस म्हणून मारलं?" हे विचारू नका. "मी असते तर एक दिवस सहन केलं नसतं" हे तर अजिबात नको, त्यातून तिला फक्त आपण कमी पडलो एवढंच ऐकू येतं. नवऱ्याला समजवायला परस्पर जाऊ नका. तुम्ही तिथून निघाल्यावर दार बंद होतं आणि आत ती असते. तिच्या व्हॉट्सॲपवर हेल्पलाइनचे नंबर पाठवू नका. भेटून विचारा, "फोन कोण बघतं?" तिचा पत्ता, नवी शाळा, नवं काम कुणालाही सांगू नका, तिच्या भावालासुद्धा तिला विचारल्याशिवाय नाही. गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. मुलांवर हात उठताना दिसला तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

द्यायचं तर नेमकं द्या. "काही लागलं तर सांग" असं म्हटल्यावर कुणी काही सांगत नाही. "गुरुवारी तारखेला मी साडेदहाला स्टँडवर आहे, डबा दोघींचा आणते", असं म्हणा. मुलांना तीन तास सांभाळणं, झेरॉक्स काढून आणणं, घरमालकाकडे भाड्याची हमी देणं. सहाव्या तारखेला उगवणारं माणूस लागतं. पहिल्या तारखेला सगळेच येतात. आणि तुम्हीही थकता. मी महिन्यात दोनपेक्षा जास्त नवी प्रकरणं घेत नाही, बाकीच्यांना दुसऱ्या ताईकडे पाठवते. रात्री दहानंतर फोन फक्त जिवावर बेतलं असेल तर. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं.

गेल्या पावसाळ्यात एकीने खोली घेतली. भाडेकरार नाही, पत्त्याचा पुरावा नाही, त्यामुळे गॅसजोडणी अडली होती. तिला माहीत नव्हतं की पाच किलोचा छोटू सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. आम्ही दोघी जाऊन घेऊन आलो, रिक्षात तिने तो मांडीवर धरला होता. शेगडी लावली, चहा ठेवला. दूध उतू गेलं. ती दचकून माझ्याकडे बघायला लागली, कुणी ओरडतंय का म्हणून. कुणी ओरडलं नाही. मग तिने फडकं घेतलं आणि अगदी सावकाश, हसत, ओटा पुसला.